वालाच्या वेलाला आधार

आमच्या वाडीच्या खालच्या अंगाला एका वृद्ध बाईंचे परसू आहे. वाडीतील लहानथोर सारे त्यांना आजी म्हणतात. मीही साठी ओलांडली असली, तरी आजीच म्हणतो. मृगाचा पाऊस स्थिरावला की त्या विहिरीच्या बाजूला वालाचे दहा-बारा वेल लावीत आणि त्यांवर मांडव घालीत. मार्गशीर्ष-पौषात त्या मांडवावरची पापडी आठवड्याच्या बाजारात जाई. त्या पैशांतून नातवाच्या वह्यापुस्तकांचा खर्च आणि म्हशीचा पेंढा, दोन्ही भागत असे.

काही वर्षांपूर्वी आश्विनाच्या अखेरीस वेलांवर जांभळे तुरे नुकतेच दिसू लागले होते. एका संध्याकाळी परतीच्या पावसाबरोबर वादळ उठले आणि पाहता पाहता सारा मांडव भुईसपाट झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तेथे गेलो. वेल हिरवेगार होते, पाने टवटवीत होती. पाहणाऱ्यास वाटावे की चार माणसांनी मांडव उचलून धरला की काम झाले. आम्ही तसा प्रयत्न केलाही. परंतु चार महिने एकमेकांत गुंतलेल्या, पावसाने चिंब झालेल्या त्या वेलांचे ओझे विलक्षण होते. एक बाजू उचलावी तर दुसरीकडचे वेल ताणले जात आणि बुंध्याशी तटकन तुटत. सात वेल असे हातचे गेल्यावर आजींनीच आम्हांला थांबविले. मग त्यांनी एक मेढ उपटून माझ्यापुढे धरली. वरचा भाग कोरडा आणि टणक होता. जमिनीत पुरलेला हातभर भाग मात्र ओलाव्याने व वाळवीने खाऊन भुसा झालेला होता. "मास्तर, मी वरून वाजवून बघितली होती," त्या म्हणाल्या, "खाली कोण बघतो?"

वेलाला आधार देणे ही गोष्ट पुष्कळांना क्षुल्लक वाटते. मिळेल ती काठी रोवावी, वेल आपोआप चढेल, असा समज असतो. परंतु बी उगवले नाही तर पुन्हा पेरता येते, खत कमी पडले तर मागाहून घालता येते. आधार चुकला तर ती चूक वेल पुरता भरल्यावरच उघडकीस येते, आणि त्या वेळी ती दुरुस्त करता येत नाही. म्हणून कोणता आधार द्यावयाचा हे बी पेरण्यापूर्वी ठरवावे लागते, आणि ते ठरविण्यासाठी तो वेल चढतो कसा हे आधी नीट पाहावे लागते.

सर्व वेल एकाच रीतीने चढत नाहीत. काकडी, कारले, दोडका यांच्या वेलांना पानांजवळ बारीक दोऱ्यासारखे अवयव फुटतात. ते हवेत चाचपडतात, एखादी काडी सापडली की तिला वेढा घालतात आणि मग स्वतःला पीळ देऊन वेलाला तिकडे ओढून घेतात. वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकांत ह्या अवयवाला तणावा म्हणतात. तंबू ताणून धरणाऱ्या दोरीलाही आपल्या भाषेत तणावाच म्हणतात, आणि दोघांचे काम पाहिले की एकच शब्द दोहोंना किती शोभतो हे ध्यानी येते. वाटाण्याच्या पानाच्या टोकाशीही असेच तणावे असतात. मिरीच्या वेलाची तऱ्हा निराळी. त्याच्या पेरापेराला मुळ्या फुटतात आणि त्या झाडाच्या सालीला चिकटून बसतात.

वाल, घेवडा, चवळी, अबई, चौधारी ह्या शेंगभाज्यांच्या वेलांना मात्र तणावेही नसतात आणि अशा मुळ्याही नसतात. त्यांचे सारे खोडच आधाराभोवती पिळत वर जाते.

हे पिळणे कसे घडते, हे पाहण्यासारखे आहे. घेवड्याचा वेल वीतभर उंच झाला की त्याचा शेंडा एका बाजूला किंचित कलतो आणि हवेत सावकाश गोल फिरू लागतो. वाटेत काठी आडवी आली की शेंड्याचा पुढचा भाग फिरतच राहतो, मागचा भाग अडतो, आणि त्यामुळे काठीभोवती वेढा पडतो. इंग्लंडमधील विख्यात शास्त्रज्ञ चार्ल्स डार्विन यांनी ह्या हालचालीचा कसून अभ्यास केला. आजारपणामुळे त्यांना खोलीबाहेर पडता येत नव्हते, तेव्हा त्यांनी युरोपात लागवड होणाऱ्या हॉप नावाच्या वेलाची कुंडी खोलीत आणवून ठेवली आणि रात्रंदिवस त्या शेंड्यावर नजर ठेवली. उष्ण दिवसांत तो शेंडा सरासरी २ तास ८ मिनिटांत एक फेरा पुरा करी. घेवड्याचा फेराही सुमारे दोन तासांचा भरतो. त्यांचा चढणाऱ्या वनस्पतींवरील निबंध १८६५ साली प्रसिद्ध झाला आणि पुढे १८७५ साली त्याचे स्वतंत्र पुस्तक निघाले. तुम्हांला हा प्रयोग घरीही करता येईल. घेवड्याची कुंडी खिडकीत ठेवा, तिच्याखाली कागद पसरा आणि दर पाव तासाने शेंड्याच्या बरोबर खाली पेन्सिलीने एक ठिपका द्या. सुटीच्या एका सकाळीत कागदावर ठिपक्यांचे वाटोळे कडे उमटलेले दिसेल.

ह्या फिरण्याला दिशाही ठरलेली असते. वरून पाहिले असता घेवड्याचा शेंडा घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतो, आणि पिळून चढणाऱ्या वेलांपैकी बहुसंख्य वेल ह्याच दिशेने जातात. आमच्या शाळेतील काही मुलींनी एकदा एका वेलाचे वेढे अलगद सोडवून ते उलट गुंडाळले आणि वर दोऱ्याने बांधले. दुसऱ्या दिवशी दोऱ्याच्या वरचा कोवळा शेंडा पुन्हा आपल्याच दिशेने वळलेला आढळला. म्हणून वाऱ्याने सुटलेला वेल पुन्हा काठीवर चढवावयाचा असेल, तर शेजारचा वेल कोणीकडे वळला आहे हे पाहूनच त्याला वेढा द्यावा. सगळ्याच वेलांची दिशा मात्र एक नसते. कोकणातल्या परसात कोनफळ आणि कडू करांदा हे दोन्ही कंद वेलांना येतात, परंतु त्यांचे वेल परस्परविरुद्ध दिशांनी पिळतात, आणि वनस्पतिशास्त्रज्ञ ओळखीची खूण म्हणून ह्याचा उपयोग करतात.

आता आधाराच्या जाडीकडे वळू. शेंडा हवेत जेवढे कडे काढतो, त्याला काही मर्यादा असते. आधार फार जाड असेल तर शेंड्याला त्याला वळसा घालता येत नाही. जर्मन शास्त्रज्ञ मोल यांना असे आढळले होते की, एकाच बाजूने उजेड येणाऱ्या खोलीत घेवड्याच्या जातीचा वेल ३ ते ४ इंच जाडीच्या काठीभोवती चढू शकत नाही. तोच वेल उघड्यावर तेवढ्या जाडीच्या खांबावर चढला, परंतु ९ इंच जाडीच्या खांबापुढे मात्र त्याने हात टेकले. म्हणजे घराचा खांब, सिमेंटचा कुंपणखांब किंवा जुन्या आंब्याचे खोड हा शेंगभाजीच्या वेलाचा आधार नव्हे. अंगठ्याएवढी किंवा त्याहून थोडी अधिक जाड काठी त्याला उत्तम मानवते. सुतळीसुद्धा चालते.

जाडीइतकेच महत्त्व खरखरीतपणाला आहे. हे मला पुस्तकातून कळले नाही. ते माझ्या एका चुकीतून कळले, म्हणून येथे सांगतो. मी ज्या शाळेतून निवृत्त झालो, तिच्या मागे दोन गुंठ्यांची भाजीची बाग होती. मुलांच्या दुपारच्या जेवणातील आमटीत घरची भाजी पडावी, हा तिचा हेतू. एका वर्षी जुन्या कुंपणाचे अडीच इंची लोखंडी नळ आमच्याकडे पडून होते. फुकटचे, सरळ, न कुजणारे आणि नुकताच रंग दिलेले! मी ते रांगेने रोवून घेतले व प्रत्येकाशी वेलघेवड्याची तीन-तीन बियाणी लावविली. सातवीतील एक शेतकऱ्याचा मुलगा पहार टेकून उभा होता. तो म्हणाला, "सर, माडाला खाचा असतात म्हणून माणूस चढतो. ह्या नळाला खाच कुठे आहे?" मी त्याला म्हटले, "वेल का माणूस आहे?" आणि विषय तेथेच मिटविला.

वेल उगवले, नळांना वेढे घालून दीड-दोन हात चढलेही. नंतर एके दिवशी जोराचा वारा सुटला. सकाळी पाहतो तो प्रत्येक नळाच्या तळाशी वेल घसरून, हातातल्या बांगड्या मनगटाशी जमाव्यात तसे कड्यांवर कडी होऊन बसलेले! आम्ही ते वर सारून बांधले. पुन्हा वारा आला, पुन्हा घसरले. बांधल्या जागी दोन वेल मोडले. शेवटी त्याच मुलाने घरून काथ्याचा सुंभ आणला आणि नळांना खालपासून वरपर्यंत गुंडाळला. आठवड्याभरात वेल वर निघाले. परंतु पहिला बहर वाया गेला होता, आणि त्या महिन्यात मुलांच्या आमटीत घेवड्याची एक शेंगही पडली नाही. मुलाचे म्हणणे मी पहार हाती असतानाच ऐकले असते, तर हे टळते.

सुंभाने काय केले? धक्क्यावर होडी लावताना खलाशी दोराचे दोन-तीन वेढे खुंटाला घालतो आणि मग भरलेली होडी एका हाताने आवरतो, हे किनाऱ्यावरच्या मुलांनी पाहिलेच असेल. दोर आणि खुंट यांच्यातील घर्षण हे सारे बळ पुरविते. वेलाचेही तसेच आहे. वेढे जसजसे वाढतात, तसतशी पकड घट्ट होते. पण मुळात घर्षण होईल असा पृष्ठभाग हवा. वेलाकडून त्याची तयारी असतेच. घेवड्याच्या पानाच्या मागील बाजूवरून बोट फिरविले तर पान बोटाला किंचित धरल्यासारखे वाटते. त्यावर आकड्यासारखे वाकलेले अतिसूक्ष्म केस असतात. हे पान सदऱ्याला लावले तर तेथेच राहते, हा खेळ खेड्यातील मुले खेळतात. बांबूला पेरे असतात, तुराटीला खरखरीत साल असते, सुंभाला तंतू असतात. रंगविलेल्या नळाला ह्यांतील काहीच नव्हते.

आणखी एक गोष्ट. तणाव्यांच्या वेलाला आडवी तार चालते, जाळी चालते, काटेरी डहाळी चालते. कारण त्याचे हात चहूकडे पसरलेले असतात. पिळून चढणाऱ्या वेलाला आधार उभा, निदान बराचसा तिरपा तरी लागतो. आडव्या तारेवर तो नुसता लोळतो. म्हणून दोन खांबांमध्ये केवळ आडव्या तारा ताणून ज्यांनी घेवडा लावला, त्यांची निराशा होते. त्याच तारांवरून दर वितीला एक सुतळी जमिनीपर्यंत सोडली की निराशा मिटते.

वेल चढतो कसा हे झाले. तो किती काळ चढणार आणि किती ओझे आणणार, हेही पाहिले पाहिजे. काही जातींना तर आधारच लागत नाही. भाजीबाजारात श्रावणघेवडा किंवा फरसबी म्हणून येणाऱ्या कित्येक जाती गुडघाभर उंचीच्या झुडुपांवर वाढतात. भातानंतर कोकणातल्या शेतांत ओलीवर घेतला जाणारा कडवा वालही मांडव मागत नाही. बंगळूरच्या भारतीय बागायती संशोधन संस्थेने वालाच्या 'अर्का जय' आणि 'अर्का विजय' ह्या बुटक्या जाती काढल्या आहेत. त्याही आपल्या पायांवर उभ्या राहतात. तेव्हा बी घेताना ते झुडपाचे की वेलाचे, एवढे विचारून घ्यावे. हे न विचारता झुडपाच्या घेवड्यासाठी पुरुषभर उंचीची ताटी उभी करणारे एक गृहस्थ मला ठाऊक आहेत. त्यांची ताटी शेवटपर्यंत उघडीच राहिली.

वेलघेवडा आठ-दहा फूट चढतो, सुमारे दोन महिन्यांत शेंगा देऊ लागतो आणि लवकरच आटोपतो. त्याला हलका आधार पुरतो. लांब शेंगांच्या चवळीचेही जवळपास तसेच. अबईची गोष्ट वेगळी. तिच्या एकेका तलवारीसारख्या शेंगेची लांबी फूटभर भरते आणि वेल दांडगा होतो; तिला बारीक काठी देणे म्हणजे हत्तीला सुतळीने बांधणे होय.

परंतु सर्वांत फसविणारा आहे तो आपला जुना परसातला वाल. तो दिवसाच्या लांबीवर चालतो. जून महिन्यात आपल्याकडे दिवस सुमारे तेरा तासांचा असतो, डिसेंबरात तो सुमारे अकरा तासांवर येतो. ह्या वालाला दिवस आखूड होऊ लागल्यावाचून फूल येत नाही. जूनमध्ये लावला तरी आषाढ, श्रावण, भाद्रपद हे सारे महिने तो केवळ पाने आणि फांद्या वाढवीत राहतो. फुले येतात ती पावसाळा सरता सरता. चौधारीचाही स्वभाव असाच आहे. ह्याचा अर्थ ध्यानात घ्या. मांडवावर सर्वांत अधिक ओझे पडते ते चार महिन्यांच्या पावसानंतर, आणि नेमक्या त्याच सुमारास मांडवाच्या मेढी जमिनीत भिजून भिजून सर्वांत कमकुवत झालेल्या असतात. त्यातच परतीच्या पावसाची वादळे येतात. आजींचा मांडव आषाढातल्या सोसाट्यात टिकला आणि आश्विनात पडला, ह्यात दैवाचा दोष नव्हता. आषाढात त्यावर वेल नव्हता आणि मेढी नव्या होत्या.

आता आधाराच्या रचनेविषयी. जागा लहान असेल, किंवा जमिनीत हातभर खाली जांभा लागत असेल, तर तीन किंवा चार काठ्या खाली फाकवून त्यांची डोकी एकत्र बांधावीत. अशा तिकटीला खोल खड्डा लागत नाही, कारण एक काठी दुसरीला सावरते. वारा कोठूनही आला तरी ती उभी राहते. काठ्या आठ फुटांच्या असाव्यात आणि प्रत्येकीशी दोन वेल पुरेत. आमच्या वाडीतील निम्म्या परसांना मी हीच रचना सुचवीन. तिच्यात एकच उणीव आहे: वर जेथे काठ्या एकत्र येतात तेथे वेलांची गर्दी होते आणि आतल्या शेंगा दिसत नाहीत.

वेल अधिक असतील तर ताटी करावी. दोन्ही टोकांना भक्कम मेढी, त्यांच्या बेचक्यांत आडवा बांबू, आणि त्या आढ्याला टेकवून दोन्ही बाजूंनी चिवारीच्या काठ्या, असे छपरासारखे रूप तिला देता येते. किंवा सरळ उभी भिंत करता येते. उभ्या ताटीला वारा फार लागतो. पानांनी भरलेली ताटी म्हणजे जमिनीत रोवलेले शीडच. पुस्तकांत बहुधा असे सांगितलेले असते की ताटी दक्षिणोत्तर धरावी, म्हणजे सकाळी एका बाजूला आणि दुपारनंतर दुसऱ्या बाजूला ऊन मिळते. देशावर हे मानता येईल. कोकणात मात्र पावसाळी वारा समुद्राकडून, म्हणजे पश्चिमेकडून व नैर्ऋत्येकडून येतो आणि दक्षिणोत्तर ताटीच्या छातीवरच आदळतो. माझा अनुभव असा की येथे वालाची ताटी पूर्व-पश्चिम धरावी आणि ती वाफ्याच्या उत्तरेकडच्या कडेला असावी. वारा तिला कडेने लागून निघून जातो. वाल फुलण्याच्या दिवसांत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे ताटीच्या दक्षिण अंगाला दिवसभर ऊन मिळते, आणि तिची सावली उत्तरेकडे पडत असल्यामुळे वाफ्यातल्या मुळ्या-मेथीला ती बाधत नाही. दोन्ही टोकांच्या मेढींना बाहेरच्या बाजूने तारेचे किंवा दोराचे तणावे अवश्य द्यावेत.

राहिला मांडव. मांडवाविषयी आपल्या लोकांचे प्रेम मोठे आहे आणि ते अकारण नाही. पडवळ, दोडका, दुधी ह्यांची फळे मांडवाखाली लोंबतात, स्वतःच्या भाराने सरळ वाढतात आणि हाताशी येतात. परंतु वालाचा तुरा खाली लोंबत नाही. तो पानांतून वर, उजेडाकडे, ताठ उभा राहतो. सपाट मांडवावर सारी पापडी त्यामुळे मांडवाच्या माथ्यावर येते, आणि खाली उभ्या असलेल्या माणसाला फक्त पानांचे छत दिसते. आजी शिडी लावून पापडी काढीत आणि कित्येक शेंगा वरच जून होऊन जात. उभ्या ताटीवर हेच तुरे दोन्ही अंगांना बाहेर डोकावतात. लहान मूलही उभ्या उभ्या टोपली भरते. अंगणात सावली हवी म्हणून कोणी वालाचा मांडव घालीत असेल तर माझी हरकत नाही. पापडीसाठी मात्र मी ताटीच निवडीन.

सामान म्हणून बांबूला तोड नाही, परंतु तो पक्का हवा. कोवळ्या बांबूत पिठूळ अंश पुष्कळ असतो आणि त्यावर पोखरणारे भुंगे येतात. बाहेरून धडधाकट दिसणारा बांबू आतून पीठ होऊन जातो. तोडलेला बांबू काही आठवडे ओढ्याच्या पाण्यात बुडवून ठेवण्याची जुनी रीत आहे. त्याने हा अंश विरघळून जातो व कीड कमी लागते. देशावर तुराट्या व पऱ्हाट्या मुबलक मिळतात. घेवड्याला त्या एका हंगामापुरत्या चांगल्या. नायलॉनच्या जाळीवर वेल छान चढतो, हे मान्य केले पाहिजे. पण हंगाम संपला की वाळलेला वेल तिच्यातून सोडविणे हे दिवसाचे काम होते, आणि जमिनीपर्यंत आलेल्या जाळीत साप अडकतात. आमच्या बागेत एकदा एक लांबलचक धामण अशी अडकली होती. ती उंदीर खाणारी, शेतकऱ्याची मित्र. तिला सोडविण्यासाठी कात्रीने अर्धी जाळी कापावी लागली. जाळी लावावयाचीच असेल तर ती जमिनीपासून हातभर वर संपवावी आणि खाली सुतळ्या सोडाव्यात.

जिवंत झाडाचाही आधार करता येतो. उत्तर अमेरिकेतील इरोक्वॉय लोक मका, घेवडा आणि भोपळा एकत्र लावीत व त्यांना तीन बहिणी म्हणत. घेवडा मक्याच्या धाटावर चढे आणि भोपळ्याची पाने जमीन झाकीत. घेवडा मूळचा अमेरिका खंडातलाच, तेव्हा मक्याची आणि त्याची ओळख जुनी आहे. आपल्याकडे पानमळ्यांत नागवेलीसाठी शेवरी, शेवगा, हादगा, पांगारा लावतात, त्यातले तत्त्व हेच. मात्र मक्यावर घेवडा चढवावयाचा तर मका हातभर उंच झाल्यावरच घेवड्याचे बी टाकावे. दोन्ही एकाच दिवशी पेरले तर वेल आधी पुढे धावतो आणि कोवळ्या धाटाला आपल्याबरोबर खाली ओढतो. वालासारख्या लांब मुदतीच्या वेलाला मका उपयोगी नाही. वाल फुलावर येण्याआधीच मका वाळून गेलेला असतो.

आधार कोणताही असो, तो पेरणीपूर्वी उभा राहिला पाहिजे. वेल हातभर झाल्यावर त्याच्या शेजारी पहार मारली की मुळ्या तुटतात, हे एक. आणि तोवर शेजारशेजारच्या वेलांचे शेंडे एकमेकांनाच पिळून बसलेले असतात, हे दुसरे. वेल बांधावयाचा झाल्यास आठाच्या आकड्यासारखी सैल गाठ द्यावी, एक वेढा काठीला आणि एक वेलाला. खोड जाड होते तेव्हा घट्ट दोरा त्यात रुततो. मेढीचा पुरावयाचा भाग डांबराने माखावा, खड्डा दोन फूट घ्यावा आणि मातीबरोबर दगडाच्या कपच्या ठासाव्यात. भाद्रपदात प्रत्येक मेढीच्या बुडाशी चार बोटे माती उकरून सुरीचे टोक खुपसून पाहावे. टोक सहज आत गेले तर त्या मेढीजवळच दुसरी रोवून दोन्ही एकत्र आवळाव्यात. वेल फुलण्यापूर्वी एवढे करता येते.

आजींनी पुढच्या वर्षी मांडव घातला नाही. विहिरीच्या उत्तर बाजूला बारा हात लांबीची पूर्व-पश्चिम ताटी उभी राहिली. मेढींना डांबर लावण्याचे काम त्यांच्या नातवाने केले आणि तणाव्यासाठी तार मी दिली. ताटी पाहून त्या म्हणाल्या, "दिसायला ओकीबोकी दिसते, मास्तर." कार्तिकात तिच्या दोन्ही अंगांना जांभळे तुरे आले, तेव्हा शिडी विहिरीमागे आडवी पडली होती आणि तिच्यावर कोंबड्या बसत होत्या. भाद्रपदात एक मेढ सुरीच्या परीक्षेत नापास झाली होती. तिला जोड दिली गेली.

माघ सरला की वालाची पाने पिवळी पडू लागतात. त्या वेळी वेल उपटू नये, जमिनीलगत कापावा. मुळांवरच्या गाठींत हवेतील नत्र धरून ठेवणारे सूक्ष्म जीव राहतात. मुळे जमिनीत कुजली की त्यातील काही नत्र पुढच्या भाजीला मिळते. ताटीवरचे वेल आठवडाभर वाळू द्यावेत, म्हणजे ते काठ्यांवरून सहज सुटतात. मग काठ्या उपटाव्यात, बुडाची माती झाडावी, ज्यांची बुडे कुजली असतील तेवढा भाग तोडून त्या आखूड काठ्या चवळीसाठी बाजूला काढाव्यात आणि उरलेल्या काठ्यांची मोळी बांधून गोठ्याच्या माळ्यावर, चुलीचा धूर लागेल अशा जागी, आडवी ठेवून द्यावी.